डायनासोरचं अंडं ऑनलाइन मागवण्याआधी

मागच्या आठवड्यात ओळखीचे एक सर घरी आले. हातात खोका, खोक्यात थर्माकोल आणि थर्माकोलात पपईएवढं तपकिरी अंडं. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मागवलेलं. साडेचार हजार रुपये. निम्मे सरांच्या खिशातले, निम्मे पालकांनी जमवलेले. सोबत सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट : "ओरिजिनल डायनासोर एग, 7 कोटी वर्षे जुने, 100 टक्के जेन्युइन."

"भाऊ, तुम्ही पेपरवाले. जरा पाहून द्या न. प्रदर्शनात कोणी विचारलं तं मी काय सांगू?"

मी भूशास्त्रवाला नाही. पण वीस वर्षं बातम्या करताना एक सवय लागली आहे. कागद आधी पाहायचा, वस्तू नंतर. कागदावर सही होती, शिक्का होता, अंड्याचा फोटोही होता. नव्हतं ते एवढंच, की हे अंडं कोणत्या देशात, कोणत्या गावाजवळ, कोणत्या खडकात सापडलं. आणि सर्टिफिकेट देणारा कोण? तर विकणाराच. म्हणजे दूधवाल्यानंच स्वतःच्या दुधाला "पाणी नाही" म्हणून लिहून द्यायचं, तशातला प्रकार.

मग वस्तू पाहिली. घरी जे होतं त्यावरच. किराणा दुकानातला काटा, एक बादली, शेजारच्या सराफाकडून मागून आणलेली दहापट मोठं दाखवणारी भिंग, बायकोचं नेलपॉलिश काढायचं लिक्विड आणि एक सुई.

अंडं जवळपास गोल, व्यास 16 सेंटिमीटर. एवढ्या गोळ्याचं आकारमान होतं सुमारे 2 लिटर 145 मिली. खरं जीवाश्म अंडं म्हणजे आतून-बाहेरून दगड. दगड पाण्याच्या साधारण अडीच-पावणेतीन पट जड असतो, म्हणजे हे अंडं साडेपाच किलोच्या आसपास भरायला पाहिजे होतं. काट्यावर भरलं 2 किलो 900 ग्रॅम. तिथंच सरांचा चेहरा उतरला.

भिंगाखाली पाहिलं तर पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे गोल गोल खड्डे. खऱ्या अंड्याच्या कवचावरही बारीक छिद्रं असतात, कारण आतल्या पिल्लाला हवा लागते. पण हे खड्डे आतून गुळगुळीत वाटीसारखे होते. साच्यात ओतलेला माल वाळताना हवेचे बुडबुडे अडकतात ना, तसे. एका बाजूनं साच्याची जोडरेषाही दिसली, वरून घासून लपवलेली. कापसाला नेलपॉलिशचं लिक्विड लावून पुसलं तर "सात कोटी वर्षं" कापसावर उतरली, खाली पांढरट रंग. शेवटी सुई गॅसवर तापवून टोचली. प्लास्टिक जळल्याचा वास. हे अंडं कोणत्याही जनावरानं घातलेलं नव्हतं, ते एखाद्या कारखान्यात ओतलेलं होतं.

यात लपवण्यासारखं काही नाही, म्हणून सगळं लिहितो आहे. घरी कोणीही करू शकतं. मात्र लिंबू पिळून फेस येतो का, हा जो उपाय लोक सांगतात, त्यावर विसंबू नका. अंड्याचं कवच चुनखडीचं असतं, त्यावर फेस येणारच. पण साध्या चुनखडीच्या दगडावरही येतो आणि चुना मिसळलेल्या नकली मालावरही येतो. शिवाय वस्तू खरी असली तर तुम्ही तिचं नुकसानच करता.

एवढ्यावर विषय संपला असता तर मी ही पोस्ट लिहिलीच नसती. रेझिनचं अंडं ओळखणं सोपं आहे. खरी पंचाईत पुढे आहे.

एक प्रकार असा की गोळा मातीचा किंवा सिमेंटचा, पण त्यावर चिकटवलेले कवचाचे तुकडे मात्र खरे. चीनमध्ये डायनासोरची अंडी ढिगानं सापडली आहेत. ग्वांगतोंग प्रांतातल्या हयुआन शहराच्या संग्रहालयातच दहा हजारांच्या वर आहेत. अशा ठिकाणी फुटक्या कवचांना तोटा नाही. ते तुकडे गोळ्यावर मोझॅकसारखे बसवायचे, फटीत माती भरायची. वजन बरोबर, कवच बरोबर, भिंगाखाली छिद्रंही बरोबर. फसवणूक पकडायची तर तुकड्यांच्या कडा पाहाव्या लागतात. जमिनीखाली दाबानं फुटलेल्या अंड्याचे तुकडे एकमेकांना जुळतात, फुटलेल्या कपाच्या तुकड्यांसारखे. चिकटवलेले जुळत नाहीत, काही तर उलट्या बाजूनं लावलेले असतात. फोटोवरून हे कळणं जवळपास अशक्य.

दुसरा प्रकार म्हणजे अर्धं अंडं फुटलेलं आणि आत मुटकुळं करून बसलेलं गोंडस पिल्लू, शेपटीसकट. असं दिसलं की पुढे सरका. अंड्यातलं पिल्लू दगड होऊन टिकणं जगात फार दुर्मिळ आहे. असं अंडं सापडलं तर त्यावर शोधनिबंध निघतात, ते "आज ऑर्डर करा, परवा घरपोच" मध्ये येत नाही. (एकानं सुचवलं की सावंगीत एवढं मोठं हॉस्पिटल आहे, सीटी स्कॅन करून आत पिल्लू आहे का पाहू. भाऊ, तिथं माणसांची रांग आधीच लांब आहे.)

आणि तिसरा प्रकार असा, की त्यात कोणी फसवतच नाही. निसर्गच फसवतो. सरांचा किस्सा मी दोन-चार जणांना सांगितला, तर दोन दिवसांत तीन शेतकऱ्यांचे फोटो आले. "विहीर खणताना निघालं, अंडं आहे का?" तिन्ही गोल, आणि एकाचे तर पापुद्रेही सुटत होते, अगदी कवचासारखे.

आपला वर्धा जिल्हा बहुतेक काळ्या पाषाणावर, म्हणजे लाव्हाच्या थरांवर बसलेला आहे. हा पाषाण जमिनीखाली झिजताना कोपऱ्यांकडून झिजत जातो आणि कांद्यासारखे पापुद्रे सुटत मधे गोल गाभा उरतो. मुरुमाच्या कोणत्याही खदानीत जाऊन पाहा, भिंतीत असे "कांदे" रांगेनं बसलेले दिसतील. अंड्याला कवच एकच असतं, पातळ, एक ते तीन मिलिमीटरचं. कांद्याला पापुद्र्यांवर पापुद्रे. हा फरक लक्षात ठेवला तरी आपल्याकडचे बहुतेक फोटो तिथल्या तिथे निकालात निघतात. शिवाय तापलेल्या लाव्हात अंडं येणार कुठून?

गोल दगडांची भूल आपल्याला नवी नाही. समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडच्या टेकडीवर, शेख फरीद बाबांच्या दर्ग्याजवळ मातीत जायफळासारखे लहान गोल दगड सापडतात. जुन्या गॅझेटियरमध्येही त्यांची कथा आहे. दोन बंजारा व्यापाऱ्यांनी बाबांची टिंगल केली म्हणून त्यांच्या सगळ्या मालाचा दगड झाला. त्यांनी माफी मागितल्यावर बाबांनी सुक्या पानांपासून नवा माल करून दिला, आणि ते दोघं कायमचे बाबांच्या सेवेत राहिले. खनिजशास्त्राच्या भाषेत ते झिओलाइट नावाच्या खनिजाचे गोळे आहेत. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी ठीक आहेत. त्या कथेत कोणी कोणाला साडेचार हजारांना लुटलेलं नाही.

तमिळनाडूत पेरंबलूरजवळच्या कुन्नम गावात 2020 साली तलावाच्या खोदकामात मोठे गोल दगड निघाले आणि दोन दिवसांत "डायनासोरची अंडी सापडली" म्हणून देशभर फोटो फिरले. जाणकारांनी पाहिलं तर ते समुद्रातल्या गाळाचे गोळे आणि अमोनाइट होते. अमोनाइट म्हणजे शंखासारखा एक जुना समुद्री जीव. आपल्या देवघरातला गंडकीचा शाळीग्राम हा त्याचाच जीवाश्म. म्हणजे कितीतरी मराठी घरांत खराखुरा जीवाश्म पिढ्यान्‌पिढ्या तुळशीच्या पानासकट आहे, आणि आपण डायनासोर शोधायला मोबाइलमध्ये जातो.

याच्या उलट किस्सा मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्याचा. पाडल्या गावात लोक तळहाताएवढ्या गोल दगडांना काकड भैरव म्हणून पूजत होते. शेताचं, गुराढोरांचं रक्षण करणारा देव. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या तज्ज्ञांनी पाहिलं तेव्हा ती डायनासोरची खरी अंडी निघाली. 2023 च्या डिसेंबरात ही बातमी सगळीकडे आली. काही जण हसले. मला हसू आलं नाही. त्या लोकांनी ते दगड विकले नव्हते, फोडले नव्हते, जिथले तिथेच ठेवले होते. अभ्यासाच्या दृष्टीनं यापेक्षा चांगली राखण दुसरी नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. सरांनी शेवटी विचारलं, "म्हंजे खरं पाह्यजे असन तं कुठून घ्यावं?" मी म्हटलं, सर, खरं तर मुळीच घेऊ नका.

कारण खरं अंडं जर कोणी ऑनलाइन विकत असेल, तर ते बहुतेक वेळा कोणत्या तरी देशातून पळवलेलं असतं. चीन, मंगोलिया, अर्जेंटिना, जिथं अंडी भरपूर सापडतात त्या देशांत ती खाजगी विक्रीची वस्तू नाही. अर्जेंटिनाचा कायदा 2003 चा, चीनची जीवाश्मांसाठीची नियमावली 2011 पासून लागू. हॉलिवूडच्या निकोलस केजनं 2007 मध्ये लिलावात दोन लाख 76 हजार डॉलरला एका मोठ्या मांसाहारी डायनासोरची कवटी घेतली होती. ती मंगोलियातून चोरलेली निघाली, आणि 2015 मध्ये त्यानं ती परत द्यायचं कबूल केलं. त्याच्याकडे वकील होते. आपल्या सरांकडे डिलिव्हरी बॉयचा नंबर होता.

हा बाजार सुरू कसा झाला तेही मजेशीर आहे. 1923 मध्ये रॉय चॅपमन अँड्र्यूज या अमेरिकन माणसाच्या मोहिमेला मंगोलियात अंडी सापडली. मोहिमेला पैसे हवे होते, म्हणून त्यातलं एक अंडं लिलावात काढलं. पाच हजार डॉलर आले. पण झालं काय, की चीन-मंगोलियातल्या अधिकाऱ्यांना वाटलं, एका अंड्याचे पाच हजार तर हे लोक किती खजिना घेऊन चाललेत! पुढच्या मोहिमांना त्याचा त्रासच झाला. गंमत म्हणजे ती अंडी ज्या डायनासोरची समजली होती त्याची नव्हतीच. 1993 मध्ये मंगोलियातच तसल्या अंड्यात पिल्लाची हाडं सापडली तेव्हा कळलं. सत्तर वर्षं म्युझियमची पाटी चुकीची. थोरामोठ्यांची ही गत, तर ऑनलाइन विक्रेता "हे अमुक जातीचं अंडं" असं छातीठोक कसं सांगतो?

आता आपल्या दाराशी या. सावंगीहून जाम चौरस्ता गाठा आणि चंद्रपूरचा रस्ता धरा. वरोरा तालुक्यात पिजदुरा नावाचं गाव आहे. शास्त्रज्ञांच्या कागदात ते पिसदुरा म्हणून येतं. लाव्हा येण्याआधीचे खडक, ज्यांना लमेटा म्हणतात, तिथं उघडे पडले आहेत. एकोणिसाव्या शतकात नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी तिथून हाडं गोळा केली. तेच हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज नागपुरात आहे आणि जे 1863 मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना बोरीजवळ नदीत बुडून गेले.

पण पिजदुरा जगात गाजलं ते हाडांमुळे नाही, शेणामुळे. डायनासोरची दगड झालेली विष्ठा तिथं मिळते. हसू नका. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती फोडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, तर त्यात गवताचे बारीक सिलिकाचे कण निघाले. 2005 मध्ये "सायन्स" या जगातल्या मोठ्या नियतकालिकात ते छापून आलं. तोवर समज होता की डायनासोरच्या काळात गवत नव्हतंच. तो समज आपल्या शेजारच्या तालुक्यातल्या लेंड्यांनी मोडला. ती लेंडी कोणी उचलून "शोपीस, 999 रुपये" म्हणून विकली असती तर? खाली पडलेली होती, कोणाचीच नव्हती, कोणी विचारलंही नसतं.

अंडीही लांब नाहीत. अमरावती जिल्ह्याच्या टोकाला, मोर्शीच्या पुढे सालबर्डी भागात अंड्यांचं घरटं असल्याची नोंद अमरावती विद्यापीठाच्या अभ्यासकांनी केली आहे. आणि धार जिल्ह्यात तर 92 घरटी आणि 256 अंडी मोजली गेली, 2023 च्या जानेवारीत ते प्रसिद्ध झालं. त्या संशोधकांमध्ये दिल्ली विद्यापीठाचे गुंटुपल्ली प्रसाद होते, आणि विशाल वर्मा होते. वर्मा हे धार जिल्ह्यातले शाळामास्तर. मी सरांना हे नाव मुद्दाम सांगितलं. त्यांनी अंडी विकत घेतली नाहीत. वर्षानुवर्षं नाले-टेकड्या पालथ्या घातल्या, जिथं दिसलं तिथं नोंद केली.

घरटं जिथल्या तिथं राहिलं तर काय कळतं, याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण नागपूरच्या माणसाचं आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांना 1980 च्या दशकात गुजरातमधल्या ढोली डुंगरी इथं घरट्यासकट दगडाचा एक तुकडा मिळाला. अंडी आणि पिल्लाची हाडं म्हणून त्याची नोंद झाली. बऱ्याच वर्षांनी अमेरिकन संशोधक जेफ्री विल्सन यांनी तो पाहिला आणि त्यातले काही मणके सापाचे आहेत हे ओळखलं. फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून बसलेला साप, शेजारी नुकतं बाहेर आलेलं पिल्लू. 2010 मध्ये ते जगापुढे आलं. आता कल्पना करा, तो दगड कोणी छिन्नीनं फोडून त्यातली चांगली दोन अंडी काढून विकली असती. अंडी शंभर टक्के जेन्युइन असती. आणि साप कचऱ्यात गेला असता.

म्हणून मी म्हणतो, "खरं की नकली" हा प्रश्न अर्धाच आहे. नकली असेल तर तुमचे पैसे बुडाले. खरं असेल आणि कुठलं ते माहीत नसेल, तर सगळ्यांचंच बुडालं. गावाचं नाव नसलेलं अंडं म्हणजे सातबारा नसलेलं शेत.

सरकारवर बोलायलाच पाहिजे. आपल्याकडे जीवाश्मांसाठी स्वतंत्र कायदा नाही. खाण मंत्रालयानं 2022 च्या डिसेंबरात भूवारसा स्थळं आणि भूअवशेष यांच्या जतनासाठी एका विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता. त्यात सगळे अधिकार भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे जातील म्हणून विद्यापीठांतल्या संशोधकांनी हरकती घेतल्या. हरकती रास्त होत्या. जीवाश्म उचलायला संशोधकानंच परवानगीसाठी चकरा मारायच्या आणि खदानवाल्यानं जेसीबी लावायचा, असं व्हायला नको. पण त्या दुरुस्त करून कायदा करायचा, की मसुदाच बाजूला ठेवायचा? गुजरातेत रैयोलीला 2019 मध्ये डायनासोरचं संग्रहालय सुरू झालं. तिथं गावातल्या बाईच्या घरी मसाला वाटायचा गोटा म्हणून वापरात असलेलं अंडं मिळालं होतं, ही गोष्ट आज तिथले लोक पर्यटकांना अभिमानानं सांगतात. पिजदुऱ्यात काय आहे? आपले लोकप्रतिनिधी जंगल सफारीच्या उद्घाटनाला जातात, तिथून पिजदुरा फार दूर नाही.

ऑनलाइन कंपन्यांचंही तेच. हौस म्हणून प्रतिकृती घ्यायला माझी काहीच हरकत नाही. चारशे रुपयांत "प्रतिकृती" म्हणून विका, पोरांना दाखवायला उत्तम. पण ठळक अक्षरात "ओरिजिनल" लिहून साडेचार हजार घेणं ही साधी लबाडी आहे. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांनुसार विक्रेत्याची माहिती आणि माल कोणत्या देशातला हे दाखवावं लागतं, तक्रारीची पोच 48 तासांत द्यावी लागते आणि महिन्याभरात निपटारा करावा लागतो. सरांची परत करायची मुदत तीन दिवसांपूर्वी संपली होती. तरी आम्ही वजनाचा, कापसाचा आणि जोडरेषेचा फोटो लावून तक्रार टाकली आहे. ग्राहक हेल्पलाइन 1915 वरही नोंदवली. काय होतं ते कळवीन.

ज्यांनी असं अंडं घेतलं असेल त्यांनी लाजू नका, बिल आणि सर्टिफिकेट जपून ठेवा, 1915 ला फोन करा. आणि ज्यांना शेतात, नाल्यात काही वेगळं दिसलं, विशेषतः काळ्या पाषाणाखालच्या पांढरट, चुनखडीच्या थरात, त्यांनी ते उकरू नका, धुऊ नका. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा, लोकेशन टाका, आणि नागपूरला सेमिनरी हिल्सवरच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला किंवा अमरावती विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला कळवा. जमत नसेल तर मला पाठवा, मी पोचवतो. लोकेशन मात्र पोस्टच्या खाली कमेंटमध्ये टाकू नका, मेसेज करा. वाचणाऱ्यांत विकणारेही असतात.